यहुदी लोक आणि त्यांची पितृभूमी : लोक, भूमी आणि राज्य यांचा वेगवेगळा विचार

प्रास्ताविक

महाविद्यालयात इतिहास किंवा राज्यशास्त्र शिकविणाऱ्या अध्यापकाला पॅलेस्टाइनचा प्रश्न टाळता येत नाही. दोन महायुद्धांच्या प्रकरणात तो येतो, संयुक्त राष्ट्रसंघाच्या प्रकरणात येतो आणि भारताच्या परराष्ट्र धोरणाच्या प्रकरणातही येतो. विद्यार्थी मात्र या विषयाकडे कोऱ्या मनाने येत नाहीत. बातम्यांतून आणि घरातील चर्चेतून दोन ठाम विधाने त्यांच्या कानावर पडलेली असतात. यहुदी लोकांचा त्या भूमीशी काहीच संबंध नव्हता, युरोपीय सत्तांनी त्यांना तेथे आणून बसविले, हे पहिले विधान. ती भूमी तीन हजार वर्षे त्यांचीच होती व मधल्या काळात जणू रिकामी पडली होती, हे दुसरे विधान. ही दोन्ही विधाने इतिहासाच्या कसोटीवर टिकत नाहीत.

ती टिकत नाहीत याचे मुख्य कारण असे की, त्यांत तीन वेगळ्या गोष्टी एकत्र केल्या जातात : एक लोकसमूह, एक भूमी आणि एक आधुनिक राज्य. यहुदी लोकांचा इतिहास सुमारे तीन हजार वर्षांचा आहे. त्या भूमीचा इतिहास त्याहून जुना असून तो अनेक लोकसमूहांचा आहे. इस्रायल हे राज्य १९४८ सालचे आहे. या तिन्हींचा परस्परांशी संबंध आहे, पण त्या एक नव्हेत. प्रस्तुत लेखात हे तीन धागे शक्य तितके वेगळे ठेवून यहुदी लोकांचा त्यांच्या पितृभूमीशी असलेला संबंध कसा घडला, कसा टिकला आणि आधुनिक काळात त्याचे रूप कसे बदलले, हे पाहावयाचे आहे.

नावे आणि आरंभ

यहुदी धर्मपरंपरेनुसार या लोकांची सुरुवात हजरत इब्राहीम यांच्यापासून होते. त्यांचे नातू हजरत याकूब यांचे दुसरे नाव इस्राईल; म्हणून त्यांचे वंशज ते बनी इस्राईल. कुरआनमध्ये हीच संज्ञा वारंवार येते. हिब्रू भाषेत तिचे रूप ‘बेने इस्राएल’ असे होते. याकूब यांच्या बारा पुत्रांपैकी एक यहुदा. त्याच्या वंशाचा जो प्रदेश झाला त्यालाही यहुदा हेच नाव पडले आणि त्यावरून पुढे ‘यहुदी’ हा शब्द आला. इंग्रजीतून आलेला ‘ज्यू’ हा शब्दही याच मुळाचा आहे.

धर्मग्रंथांचा पुरावा आणि उत्खननाचा पुरावा हे दोन वेगळ्या जातींचे पुरावे आहेत. श्रद्धावंताला पहिला पुरेसा असतो. इतिहासाच्या वर्गात मात्र दोहोंची सरमिसळ होऊ देऊ नये. उत्खननातून असे दिसते की, इ.स.पू. तेराव्या शतकाच्या अखेरीपासून कनान देशाच्या डोंगराळ भागात शेती व मेंढपाळी करणाऱ्या लोकांच्या अनेक लहान वस्त्या उभ्या राहिल्या. ‘इस्राएल’ हे नाव सर्वात आधी आढळते ते इजिप्तचा राजा मेर्नेप्ताह याच्या शिलालेखात. हा लेख इ.स.पू. १२०८ च्या सुमाराचा असून तो १८९६ साली थीब्ज येथे सापडला. त्यात इस्राएल हे शहराचे किंवा देशाचे नाव म्हणून न येता एका लोकसमूहाचे नाव म्हणून येते, ही बाब लक्षणीय आहे. जॉर्डनमधील धिबान येथे १८६८ साली सापडलेल्या मेशा राजाच्या लेखात इस्राएलच्या ओम्री या राजाचा उल्लेख आहे. तेल दान येथे १९९३ साली सापडलेल्या इ.स.पू. नवव्या शतकातील लेखात ‘दाऊदचे घराणे’ असा उल्लेख असल्याचे बहुतेक अभ्यासक मानतात. यावरून, त्या भूमीशी या लोकांचा प्राचीन संबंध होता याला त्यांच्या स्वतःच्या ग्रंथांबाहेरही पुरावा आहे. तेथे ते एकटे मात्र नव्हते. कनानी, पलिष्टी, मोआबी, अरामी असे अनेक समूह त्यांच्या शेजारी नांदत होते.

दोन राज्ये आणि पहिले निर्वासन

पुढे उत्तरेस इस्राएल आणि दक्षिणेस यहुदा अशी दोन लहान राज्ये झाली. दोन्ही राज्ये इजिप्त आणि मेसोपोटेमिया या दोन बलाढ्य प्रदेशांमधील वाटेवर होती, त्यामुळे त्यांचे स्वातंत्र्य नेहमीच डळमळीत राहिले. इ.स.पू. ७२२ च्या सुमारास असुरियाने उत्तरेकडील राज्य बुडविले. इ.स.पू. ५८६ मध्ये बाबिलोनचा राजा नबुखद्नेस्सर याने जेरुसलेम घेतले, तेथील मंदिर जाळले आणि राजघराणे, कारागीर व प्रतिष्ठित कुटुंबे बाबिलोनला नेली. गरीब शेतकरी बहुतांशी मागेच राहिले.

या निर्वासनाने यहुदी इतिहासाला कायमचे वळण दिले. त्या काळी देव, राजा आणि भूमी यांचा संबंध अतूट मानला जाई. राज्य बुडाले की त्या लोकांचा देव हरला असे समजले जाई आणि लोकही हळूहळू विजेत्यांत मिसळून जात. यहुदी निर्वासितांच्या बाबतीत तसे घडले नाही. मंदिराशिवाय प्रार्थना, राजाशिवाय कायदा आणि भूमीशिवाय ओळख टिकविण्याची रीत त्यांनी येथे घडविली. मेसोपोटेमियात सापडलेल्या काही मृत्तिकालेखांत ‘यहुदानगर’ अशा अर्थाच्या नावाचे एक गाव येते. त्या लेखांतील माणसे जमीन कसतात, सारा भरतात, कर्ज घेतात आणि मुलांना आपल्या परंपरेतील नावे ठेवतात. म्हणजे हे लोक परदेशी स्थिरावले होते आणि तरीही वेगळे राहिले होते.

इ.स.पू. ५३९ मध्ये इराणचा सम्राट कुरुश याने बाबिलोन जिंकले व निर्वासितांना परतण्याची मोकळीक मिळाली. इ.स.पू. ५१५ च्या सुमारास जेरुसलेमचे दुसरे मंदिर पूर्ण झाले. परंतु सगळे परतले नाहीत. अनेक कुटुंबे बाबिलोनमध्येच राहिली आणि तेथे यहुदी समाज पुढे सुमारे अडीच हजार वर्षे नांदला. इजिप्तमधील एलिफंटाइन बेटावर यहुदी सैनिकांची वसाहत होती, पुढे अलेक्झांड्रियात मोठी वस्ती झाली. तेव्हा, यहुदी लोक जगभर पांगले ते केवळ रोमन लोकांनी हाकलल्यामुळे, हा समज बरोबर नाही. रोमन विध्वंसाच्या कितीतरी आधीपासून त्यांचा मोठा भाग भूमीबाहेर राहत होता.

रोमन काळ : काय घडले आणि काय घडले नाही

इ.स.पू. ६३ मध्ये रोमन सेनापती पाँपी जेरुसलेममध्ये शिरला. इ.स. ६६ साली रोमन सत्तेविरुद्ध बंड झाले आणि इ.स. ७० मध्ये टायटसने शहर घेऊन दुसरे मंदिर उद्ध्वस्त केले. त्या लुटीचे शिल्प रोममधील टायटसच्या कमानीवर आजही पाहता येते. इ.स. १३२ ते १३५ या काळात बार कोखबा याच्या नेतृत्वाखाली दुसरे मोठे बंड झाले. ते मोडून काढल्यावर सम्राट हेड्रियनच्या राजवटीत जेरुसलेमच्या जागी ‘एलिया कॅपिटोलिना’ हे रोमन शहर उभारले गेले, यहुद्यांना तेथे प्रवेशबंदी झाली आणि प्रांताचे नाव ‘सीरिया पॅलेस्टिना’ असे झाले. पॅलेस्टाइन हे नाव मात्र हेड्रियनने शोधलेले नव्हे, इ.स.पू. पाचव्या शतकातील ग्रीक इतिहासकार हिरोडोटस यानेही ते वापरले आहे.

या दोन बंडांत प्रचंड मनुष्यहानी झाली, अनेकांना गुलाम म्हणून विकले गेले. तथापि सर्व यहुदी एका दिवशी देशाबाहेर गेले असे घडले नाही. उत्तरेकडील गालील प्रांतात त्यांची वस्ती शतकानुशतके टिकली. तेथेच इ.स. २०० च्या सुमारास यहुदा हनासी यांनी ‘मिश्ना’ ही धर्मनियमांची संहिता सिद्ध केली. जेरुसलेमचा म्हणून ओळखला जाणारा तल्मूदही गालीलमध्येच तयार झाला. बाबिलोनचा तल्मूद त्यानंतरचा. मंदिराची जागा ग्रंथाने घेतली, पुरोहिताची जागा अभ्यासकाने घेतली आणि बलिदानाची जागा प्रार्थनेने घेतली.

भूमीही रिकामी राहिली नाही. तेथे यहुदी होते, शोमरोनी होते, वाढत्या संख्येने ख्रिस्ती होते आणि अरब टोळ्याही होत्या. पुढील शतकांत बहुसंख्यांचा धर्म प्रथम ख्रिस्ती व नंतर इस्लाम झाला. बहुसंख्यांची भाषा आरामी होती ती अरबी झाली. धर्म आणि भाषा बदलली म्हणजे सगळी माणसे बदलली असे होत नाही. आजच्या पॅलेस्टिनी समाजाच्या पूर्वजांत बाहेरून आलेल्यांबरोबर त्या भूमीतील जुन्या रहिवाशांचाही मोठा वाटा आहे. म्हणून ‘मूळचे कोण’ या प्रश्नाला एकाच लोकसमूहाचे नाव घेऊन उत्तर देता येत नाही.

स्मरणात राहिलेली भूमी

शतकानुशतके न पाहिलेल्या भूमीशी एखादा समाज संबंध कसा टिकवितो, हा समाजशास्त्राच्या दृष्टीनेही महत्त्वाचा प्रश्न आहे. येथे केवळ भावनेने काम झाले नाही; ते रोजच्या आचाराने झाले. यहुदी माणूस जगात कोठेही असो, प्रार्थनेच्या वेळी जेरुसलेमकडे तोंड करतो. रोजच्या प्रार्थनेत त्या शहराच्या पुनर्बांधणीची विनवणी असते. आब महिन्याच्या नवव्या दिवशी मंदिराच्या विध्वंसाचे स्मरण म्हणून उपवास केला जातो. विवाहाच्या आनंदातही काचेचा प्याला फोडून त्या दुःखाची आठवण ठेवण्याची चाल आहे.

पंचांग तर त्याहून बोलके आहे. यहुदी सण त्या भूमीच्या शेतीशी बांधलेले आहेत : वसंतात जवाची कापणी, त्यानंतर गहू, शरदात फळांची तोडणी. पावसासाठीची विशेष प्रार्थना शरदातील सणाच्या अखेरीस होते, कारण त्या देशात पाऊस हिवाळ्यात पडतो. बर्फाळ पोलंडमधील किंवा मोसमी पावसाच्या मलबारमधील यहुदीही पावसाची प्रार्थना करीत तो त्या दूरच्या भूमीच्या ऋतूप्रमाणे. दर सातव्या वर्षी जमीन पडीक ठेवण्याचा नियम त्या भूमीपुरताच लागू असूनही, जमीन नसलेले विद्यार्थी त्याच्या तपशिलाचा अभ्यास करीत राहिले.

मात्र या संबंधाचे स्वरूप नीट समजून घेतले पाहिजे. बहुतेक शतकांत ही ओढ धार्मिक होती. परत जाणे हे ईश्वराच्या इच्छेने, मसीहाच्या आगमनाबरोबर घडेल अशी श्रद्धा होती. काही जण तीर्थयात्रेला जात, काही वृद्धपणी तेथे मरण यावे म्हणून जात. तेथे जाऊन राज्य स्थापावे हा विचार राजकीय कार्यक्रम म्हणून एकोणिसाव्या शतकापूर्वी पुढे आलेला नव्हता.

मुस्लिम राजवटींतील यहुदी

या विषयाचा जो भाग आपल्याकडे सर्वात कमी शिकविला जातो, तो हा होय. बायझंटाइन सत्तेखाली यहुद्यांना जेरुसलेममध्ये राहण्यास मनाई होती. हजरत उमर यांच्या खिलाफतीत, इ.स. ६३८ च्या सुमारास, शहर मुसलमानांच्या हाती आले आणि त्यानंतर यहुदी कुटुंबे तेथे पुन्हा राहू लागली. १०९९ साली क्रुसेडर शहरात शिरले तेव्हा त्यांनी मुसलमान व यहुदी या दोघांचीही कत्तल केली. ११८७ मध्ये सलाहुद्दीन अय्यूबी यांनी शहर परत घेतल्यावर दोन्ही समाज तेथे परतले.

दहाव्या शतकापर्यंत जगातील बहुसंख्य यहुदी मुस्लिम राजवटींत राहत होते व अरबी बोलत होते. सादिया गाओन यांनी हिब्रू धर्मग्रंथाचे अरबी भाषांतर केले. गालीलमधील तबरिया येथील विद्वानांनी हिब्रू ग्रंथपाठाची स्वरचिन्हे निश्चित केली. आजचा प्रमाण पाठ त्यांच्याच श्रमावर उभा आहे. स्पेनमधील यहुदा हालेवी यांनी त्या भूमीच्या ओढीची काव्ये हिब्रूत लिहिली, पण आपला तत्त्वज्ञानाचा ग्रंथ अरबीत लिहिला. मूसा बिन मैमून हे कुर्तुबा येथे जन्मले आणि कैरोत सलाहुद्दीन यांच्या वजिराचे वैद्य झाले.

कैरोच्या जुन्या सिनेगॉगमधील कागदपत्रांचा साठा, ज्याला गेनिझा म्हणतात, या सहजीवनाचा मोठा पुरावा आहे. त्यात अब्राहम बेन यिजू या बाराव्या शतकातील व्यापाऱ्याची पत्रे आहेत. हा व्यापारी मंगळूर येथे अनेक वर्षे राहिला आणि तेथे पितळेच्या वस्तूंचा कारखाना चालवीत असे. त्याची पत्रे अरबी भाषेत पण हिब्रू लिपीत आहेत आणि त्यांत एडन, कैरो व हिंदी महासागराचा व्यापार एकत्र येतो.

१४९२ साली स्पेनच्या ख्रिस्ती राजवटीने यहुद्यांना हद्दपार केले तेव्हा सुलतान बायजीद दुसरे यांनी त्यांना उस्मानी साम्राज्यात आश्रय दिला. १५१६ मध्ये पॅलेस्टाइन उस्मानी सत्तेखाली आल्यावर गालीलमधील सफद हे शहर यहुदी विद्येचे केंद्र बनले. योसेफ कारो यांनी ‘शुल्हान आरुख’ ही आचारसंहिता तेथेच रचली आणि १५७७ मध्ये तेथे हिब्रू ग्रंथ छापला गेला.

हे चित्र खरे असले तरी पूर्ण नव्हे. यहुदी हे ‘जिम्मी’ होते. त्यांना संरक्षण होते, पण जिझिया भरावा लागे आणि दर्जा दुय्यम होता. मुवह्हिदून राजवटीत स्पेन व मोरोक्कोत त्यांचा छळही झाला. बिन मैमून यांच्या कुटुंबाला त्यामुळेच देश सोडावा लागला. अध्यापकाने दोन्ही बाजू सांगाव्यात. परंतु यहुदी व मुसलमान यांचे वैर सनातन आहे हे म्हणणे या तेराशे वर्षांच्या नोंदींशी जुळत नाही, एवढे निश्चित म्हणता येते.

कोकणातील बेने इस्राईल

भूमीची स्मृती किती थोड्या साधनांवर टिकू शकते याचे उदाहरण मराठी वाचकाच्या अगदी जवळ आहे. रायगड जिल्ह्यातील बेने इस्राईल समाजाची परंपरा सांगते की, त्यांच्या पूर्वजांचे जहाज अलिबागजवळ नवगाव येथे फुटले आणि सात जोडपी वाचली. ही घटना केव्हाची याबद्दल मतभेद आहेत. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासात या समाजात पश्चिम आशियाई यहुदी व भारतीय असे दोन्ही वंश आढळले. त्यांनी तेलाचे घाणे चालविले, शनिवारी काम बंद ठेवले आणि म्हणून ते ‘शनवार तेली’ म्हणून ओळखले गेले. त्यांचे हिब्रू ग्रंथ नाहीसे झाले होते. उरले होते ते शब्बाथ, सुंता, खाण्याचे काही नियम आणि ‘शेमा’ ही प्रार्थना. भाषा मराठी झाली आणि आडनावे पेणकर, रोहेकर, किहीमकर, नवगावकर अशी गावांवरून पडली.

सॅम्युएल दिवेकर यांनी १७९६ साली मुंबईत बांधलेले सिनेगॉग हे या शहरातील पहिले. बेने इस्राईल आपल्या प्रार्थनास्थळाला ‘मशीद’ म्हणत आणि मध्य रेल्वेवरील मशीद स्थानकाचे नाव याच वास्तूवरून पडले असे सांगितले जाते. नवस फेडताना ते एलियाहू पैगंबराच्या नावाने ‘मलिदा’ करतात. हा शब्द कोकणातील मुसलमानांनाही परका नाही. १८७४ साली पुण्यात वल्हांडण सणाची पोथी हिब्रू व मराठीत छापली गेली. जेरुसलेमची आठवण सांगणारा तो विधी मराठीतून समजून घेणाऱ्या या लोकांना कोकण परके वाटत नव्हते. पितृभूमी आणि जन्मभूमी या दोन्ही गोष्टी त्यांच्या मनात एकत्र नांदत होत्या.

आधुनिक राजकीय चळवळ

एकोणिसाव्या शतकात युरोपात दोन गोष्टी एकाच वेळी घडल्या. एकीकडे राष्ट्रवाद वाढला. भाषा, इतिहास व भूमी असलेल्या प्रत्येक लोकसमूहाला राज्य हवे असे मानले जाऊ लागले. दुसरीकडे यहुदीद्वेषाने नवे, वांशिक रूप घेतले. १८८१ नंतर रशियन साम्राज्यात यहुदी वस्त्यांवर हल्ले झाले आणि लाखो लोक अमेरिकेकडे निघाले. थोडे पॅलेस्टाइनकडे वळले. फ्रान्समध्ये १८९४ साली ड्रायफस या यहुदी सैनिकी अधिकाऱ्यास खोट्या आरोपावरून शिक्षा झाली. थिओडोर हर्झल यांनी १८९६ मध्ये यहुदी राज्याची कल्पना मांडणारी पुस्तिका लिहिली आणि १८९७ साली बाझल येथे पहिली झायोनिस्ट परिषद भरविली. प्रार्थनेतील जुनी ओढ अशा रीतीने राजकीय मागणी बनली. अनेक धर्मनिष्ठ यहुद्यांनी तिला विरोध केला, तो ईश्वराच्या कामात माणसाने हात घालू नये म्हणून. अनेक सुशिक्षित यहुद्यांनी विरोध केला, तो आपल्या देशातील नागरिकत्व धोक्यात येईल म्हणून.

२ नोव्हेंबर १९१७ रोजी ब्रिटिश सरकारने बाल्फोर जाहीरनामा काढला व पॅलेस्टाइनमध्ये यहुदी लोकांसाठी राष्ट्रीय निवासस्थान उभारण्यास पाठिंबा दिला. त्यास मंत्रिमंडळात कसून विरोध करणारे एडविन माँटेग्यू हे स्वतः यहुदी होते. भारतमंत्री म्हणून माँटेग्यू-चेम्सफर्ड सुधारणांमुळे आपल्याकडील प्रत्येक विद्यार्थ्याला त्यांचे नाव ठाऊक असते. एका लोकसमूहाची एकच राजकीय इच्छा असते हे गृहीत धरू नये, हे शिकविण्यास याहून सोयीचे उदाहरण नाही.

त्या वेळी भूमीवर कोण होते ? १९२२ च्या ब्रिटिश जनगणनेनुसार पॅलेस्टाइनची लोकसंख्या सुमारे ७ लाख ५७ हजार होती. त्यांत यहुदी सुमारे ८४ हजार, म्हणजे ११ टक्के. मुसलमान सुमारे ७८ टक्के. उरलेल्यांत बहुतेक ख्रिस्ती अरब. जाहीरनाम्यात या बहुसंख्यांचा उल्लेख ‘बिगर-यहुदी समाज’ असा होता आणि त्यांच्या नागरी व धार्मिक हक्कांची ग्वाही होती. राजकीय हक्कांची नव्हती. पुढील संघर्षाचे बीज येथे आहे.

१९३३ साली जर्मनीत नाझी सत्ता आली. अनेक देशांनी निर्वासित यहुद्यांना दारे बंद केली. युद्धकाळात सुमारे ६० लाख यहुदी ठार मारले गेले. या संहाराबद्दल शंका घेण्यास जागा नाही. त्याची कागदपत्रे मुख्यतः मारेकऱ्यांचीच आहेत. या गुन्ह्यात पॅलेस्टाइनच्या शेतकऱ्याचा हात नव्हता, हेही तितकेच खरे. महात्मा गांधींनी १९३८ च्या नोव्हेंबरमध्ये ‘हरिजन’मध्ये लिहिताना यहुद्यांच्या छळाबद्दल तीव्र सहानुभूती व्यक्त केली आणि त्याच लेखात पॅलेस्टाइन अरबांवर लादून यहुद्यांना देणे अन्यायाचे ठरेल, अशी भूमिका घेतली.

१९४७ आणि त्यानंतर

संयुक्त राष्ट्रसंघाच्या पॅलेस्टाइनविषयक समितीत भारताचे प्रतिनिधी न्यायमूर्ती अब्दुर रहमान होते. भारत, इराण व युगोस्लाव्हिया यांनी फाळणीऐवजी एकाच संघराज्याची योजना सुचविली. २९ नोव्हेंबर १९४७ रोजी आमसभेने ३३ विरुद्ध १३ मतांनी फाळणीचा ठराव केला. १० देश तटस्थ राहिले. भारताने विरोधात मत दिले. त्या वेळी यहुदी लोकसंख्येच्या सुमारे एक तृतीयांश होते आणि नियोजित यहुदी राज्याला निम्म्याहून अधिक भूभाग मिळणार होता. १४ मे १९४८ रोजी इस्रायलची घोषणा झाली. त्याआधी सुरू झालेल्या व पुढे पसरलेल्या युद्धात सुमारे सात लाख पॅलेस्टिनी अरब घरादाराला मुकले. त्यांना परतू दिले गेले नाही. हाच तो ‘नकबा’. ज्या लोकसमूहाने स्वतः परतण्याची आशा दोन हजार वर्षे जपली, त्याच्या राज्याच्या जन्माबरोबरच दुसऱ्या लोकसमूहाच्या परतीचा प्रश्न जन्मला.

त्याच सुमारास अरब देशांतील यहुदी समाजही उखडले गेले. १९५०-५१ मध्ये इराकमधून सुमारे १ लाख २० हजार यहुदी गेले आणि कुरुशाच्या काळापासून नांदणारा बाबिलोनचा समाज जवळजवळ संपला. येमेन, इजिप्त, लिबिया, मोरोक्को येथूनही पुढील दोन दशकांत लाखो लोक निघाले. काही स्वेच्छेने, पुष्कळ भीतीने किंवा सक्तीने.

बेने इस्राईलांपैकी बहुतेक जण हळूहळू इस्रायलला गेले. १९५१ च्या जनगणनेत भारतात सुमारे २६,५०० यहुदी होते. २०११ मध्ये ते पाच हजारांहूनही कमी उरले. भारतातून ते छळामुळे गेले नाहीत, हे भारतीय समाजाला भूषणावह आहे. पितृभूमीत त्यांचे स्वागत मात्र सरळ झाले नाही. वर्णभेदाची वागणूक मिळते म्हणून काही कुटुंबांनी निदर्शने केली आणि काही भारतात परतली. १९६२ मध्ये तेथील धर्मपीठाने बेने इस्राईलांशी विवाह लावताना वंशाची चौकशी करावी असा आदेश काढला. त्याविरुद्ध १९६४ साली जेरुसलेममध्ये मोठे आंदोलन झाले आणि आदेश बदलावा लागला. दोन हजार वर्षे ज्या भूमीकडे पाहून प्रार्थना केली, तेथे पोचल्यावर ‘तुम्ही यहुदी आहात का ?’ असा प्रश्न ऐकावा लागला. स्मरणातील भूमी आणि प्रत्यक्ष राज्य यांतील अंतर याहून स्पष्ट दिसणार नाही.

१९६७ च्या युद्धात इस्रायलने पश्चिम किनारा, पूर्व जेरुसलेम व गाझा ताब्यात घेतले. तेव्हापासूनचा लष्करी अंमल, तेथील यहुदी वसाहती, १९९३ चा ओस्लो करार व त्याचे अपयश, ७ ऑक्टोबर २०२३ रोजी हमासने केलेल्या हल्ल्यात सुमारे १,२०० इस्रायली व अन्य लोकांचा मृत्यू आणि त्यानंतर गाझातील युद्धात हजारो स्त्रिया व मुलांसह झालेला पॅलेस्टिनींचा प्रचंड संहार, हे सर्व अलीकडचे आहे. भारताने इस्रायलला १९५० साली मान्यता दिली, १९८८ मध्ये पॅलेस्टाइन राज्याला मान्यता दिली व १९९२ मध्ये इस्रायलशी पूर्ण राजनैतिक संबंध जोडले. म्हणजे दोन्ही लोकसमूहांचे अस्तित्व मानणे ही भारताची अधिकृत भूमिकाही आहे.

अध्यापनाच्या दृष्टीने

वरील विवेचनावरून वर्गात तीन प्रश्न वेगळे विचारावेत. यहुदी लोकांचा त्या भूमीशी प्राचीन व अखंड असा भावबंध आहे काय ? होय, शिलालेख, ग्रंथ, पंचांग आणि गालीलमधील जुन्या वस्त्या यांवरून तो सिद्ध होतो. त्या भूमीत दुसऱ्या लोकांचा तितकाच खरा वास व हक्क आहे काय ? होय, शतकानुशतकांची गावे, शेते, जैतुनाच्या बागा आणि जनगणनेचे आकडे तो सांगतात. या भावबंधावरून आधुनिक राज्याची प्रत्येक कृती समर्थनीय ठरते काय ? नाही, राज्याची कृती न्याय आणि कायद्याच्या मापानेच मोजावी लागते, मग ते राज्य कोणाचेही असो.

याच कारणाने ‘यहुदी’, ‘झायोनिस्ट’ आणि ‘इस्रायली’ हे शब्द अदलाबदल करून वापरू नयेत. जगातील सुमारे दीड कोटी यहुद्यांपैकी जवळपास निम्मे इस्रायलबाहेर राहतात. सगळे यहुदी झायोनिस्ट नाहीत. इस्रायलच्या नागरिकांपैकी सुमारे एक पंचमांश अरब आहेत. राज्याच्या धोरणावर टीका करणे आणि एका लोकसमूहाचा द्वेष करणे यांत जो फरक आहे, तो शब्दांच्या अचूक वापरापासून सुरू होतो.

भारतातील मुस्लिम विद्यार्थ्याला याचे मोल वेगळे सांगावे लागू नये. कोठल्याशा दूरच्या देशातील सत्तेच्या किंवा संघटनेच्या कृत्याबद्दल आपल्या साऱ्या समाजाला जबाबदार धरले जाते, तेव्हा काय वाटते याचा अनुभव त्याला असतो. अलिबागच्या घाण्यावर तेल गाळणाऱ्या, शनिवारी दिवा न लावणाऱ्या मराठी यहुद्यालाही तोच न्याय लागू आहे. पॅलेस्टिनी माणसाच्या दुःखाशी प्रामाणिक राहण्यासाठी यहुदी माणसाचा इतिहास पुसावा लागत नाही. आणि यहुदी इतिहास मान्य करण्यासाठी पॅलेस्टिनी माणसाला त्याच्या घरात परका ठरवावे लागत नाही. वर्गातून बाहेर पडणाऱ्या विद्यार्थ्याच्या मनात या दोन गोष्टी एकत्र राहू शकल्या, तर या विषयाच्या अध्यापनाचे काम पुष्कळसे झाले असे म्हणता येईल.